पॉपी ओळखायची तर पानं बघा

आज दुपारभर इथल्या, इंग्लंडमधल्या बागेत पॉपी, म्हणजे खसखशीच्या कुळातली फुलझाडं, बघत होते. रंगावर अजिबात जाऊ नका, पानं आणि देठ बघा! शेतातल्या लाल पॉपीच्या देठावर राठ लव असते, पानं बारीक कातरलेली. खसखशीची पानं गुळगुळीत, निळसर-राखाडी, देठाला लपेटलेली. कॅलिफोर्निया पॉपी सर्वात सोपी: कळीवर टोकदार टोपी, नंतर लांब शेंग.

मी मात्र रमले खसखशीच्या बोंडापाशी. पिकलं की वरच्या चकतीखाली बारीक छिद्रं उघडतात, वाऱ्याने दाणे बाहेर पडतात. भारतात परवान्याशिवाय हे झाड लावता येत नाही. अनारशांना इतकी वर्षं खसखस लावली, पण झाड इथेच पाहिलं. फार आनंद झाला.