तीन क्विंटलचं झाकण

परवा मुलाची चाचणी होती. आठवीचा बल आणि दाबाचा धडा. "दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लावलेलं बल" असं घडाघडा म्हणून दाखवलं पठ्ठ्याने, मी म्हटलं म्हणजे काय रे, तर गप्प. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली, म्हटलं चल.

आईला तिच्या ओट्यावर कुणी लुडबुड केलेली खपत नाही, पण कुकर गार झाल्यावर मिळाला एकदाचा. शिट्टी काढून वजनकाट्यावर ठेवली, ७२ ग्रॅम. ती ज्या नळीवर बसते तिचं भोक पट्टीने मोजलं, साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर. आता ७२ ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर, पण ते एवढ्याशा भोकावर बसलंय ना, भागाकार केला की चौरस सेंटीमीटरला १ किलो निघतं! बाहेरची हवा जेवढी दाबते तेवढाच दाब आत जास्तीचा. तेवढा झाला की वाफ शिट्टीला उचलते, फुर्र करते, शिट्टी परत खाली. आणि ह्या जास्तीच्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणून तर तुरीची डाळ पटकन शिजते.

इथपर्यंत ठीक होतं, मग मुलगा म्हणाला बाबा, झाकणावर पण तेवढाच दाब ना? हो की. झाकण मोजलं, व्यास २० सेंटीमीटर, क्षेत्रफळ ३१४. म्हणजे ३१४ किलो!! तांदळाची ५० किलोची सहा पोती आतून झाकण वर ढकलतायत आणि आपण बाजूला निवांत कांदा चिरतोय. दाब तोच, पण भोकावर ७२ ग्रॅम पुरतात आणि झाकणाला तीन क्विंटल थोपवून धरावे लागतात, सगळा खेळ क्षेत्रफळाचा.

आईला सांगितलं तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगते, वाफ जिरल्याशिवाय हात लावू नका म्हणून." (घाईत उलथन्याने शिट्टी उचलणारा मीच, त्यामुळे गप्प बसलो.)

दुसऱ्या दिवशी तिने घाईत कुकर नळाखाली धरला आणि झाकण निघेना. आतली वाफ गार होऊन पाणी झाली, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, आता बाहेरची हवा झाकण आत दाबत होती. शिट्टी जरा उचलली, फुस्स झालं आणि झाकण सुटलं. मुलगा म्हणे उरलेली वाफ गेली, अरे नाही, हवा आत गेली!

चाचणीत काय आलं म्हणाल, तर उंटाचे पाय पसरट का असतात.