तुळशीला एसटीपीचं पाणी नको

मागच्या आठवड्यात माझ्या चुलत भावाने अमेरिकेतल्या फिनिक्सहून व्हिडिओ पाठवला, त्याची सहा वर्षांची मुलगी बर्फात लोळतेय, मूठभर बर्फ उचलून तोंडाकडे नेतेय आणि मागून वहिनी ओरडते, "अगं खाऊ नकोस, सांडपाण्याचा बर्फ आहे तो!" मला आधी वाटलं मस्करी चाललीय. रात्री फोन केला तर दादा म्हणाला, खरंच आहे, ॲरिझोना स्नोबोल म्हणून स्की रिसॉर्ट आहे फ्लॅगस्टाफजवळ, तिथे २०१२ च्या हिवाळ्यापासून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरून बर्फ पाडतात.

मग मी दोन रात्री तेच वाचत बसले. तिथे आकाशातून पडणाऱ्या बर्फाचा काही भरवसा नाही, २००१-०२ च्या सीझनमध्ये जेमतेम ४ दिवस स्की करता आलं आणि २००४-०५ मध्ये १३९ दिवस, मग धंदा चालणार कसा. म्हणून शहराच्या प्लांटपासून डोंगरापर्यंत साधारण २४ किलोमीटरची पाइपलाइन टाकली, मंजुरी घेतली ती दिवसाला १५ लाख गॅलनपर्यंत पाण्याची, म्हणजे आपल्या हिशोबात ५७ लाख लिटर, दहा हजार लिटरचे ५७० टँकर रोज. थंडी पुरेशी पडली की कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर हे पाणी तोफेसारख्या यंत्रातून फवारतात, बारीक थेंब हवेतच गोठतात आणि खाली बर्फ होऊन पडतात. पाणी 'ए प्लस' दर्जाचं, गाळलेलं, जंतू मारलेलं, नायट्रोजन काढलेलं. पण पिण्याचं नाही. औषधांचे आणि हार्मोन्सचे बारीक अंश अशा प्रक्रियेतून पूर्ण जात नाहीत, आणि विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा हाही होता की पोरं बर्फ तोंडात घालणारच.

सांडपाणी परत वापरण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे हे आधी सांगते. आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे, त्याचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ त्यामुळेच टळते. पाणी दिसायला फिकट कोऱ्या चहासारखं, जवळ गेलं की क्लोरीनचा वास आणि त्याच्या खाली अजून एक वास, ज्याने बागेला पाणी घातलंय त्याला माहीत असतो. गेल्या वर्षी माळी पाइप फिरवता फिरवता तुळशी वृंदावनापाशी आला आणि आजीने बाकावरून उठून त्याचा हात धरला. मी म्हटलं, "अगं आजी, रिपोर्ट आहे ना, स्वच्छ आहे पाणी." तर म्हणाली, "पाण्याला मी वाईट म्हणते का? गुलाबाला घाल, लॉनला घाल. तुळशीला नको." सेक्रेटरी काकांनी वाद घातला नाही, प्लंबर बोलावला आणि वृंदावनाजवळ महापालिकेच्या पाण्याचा वेगळा नळ काढून दिला. दोन तासांचं काम झालं.

त्यामुळे स्नोबोलचं वाचताना मला आजीच आठवत होती. ज्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर हे रिसॉर्ट आहे ते १३ आदिवासी जमातींचे पवित्र डोंगर आहेत. नवाहो लोकांच्या चार पवित्र पर्वतांपैकी हा पश्चिमेचा, त्यांचे वैद्य तिथून औषधी वनस्पती आणतात. होपी लोकांचे काचिना, पाऊस आणणारे आत्मे, तिथे राहतात. आणि त्यांचं म्हणणं काय होतं, तर हे पाणी हॉस्पिटलातून, शवागारातून आलंय, लॅबमध्ये कितीही शुद्ध करा, त्या डोंगरावर पडलं की डोंगर बाटतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेय मी. ब्रह्मगिरीवर, जिथे गंगाद्वाराशी गोदावरी दिसते, तिथे उद्या कोणी नाशिकच्या गटाराचं शुद्ध केलेलं पाणी फवारायचं म्हटलं तर त्र्यंबकला काय होईल याची कल्पना करा.

जमाती कोर्टात गेल्या. २००७ मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांसमोर जिंकल्या, पण २००८ मध्ये त्याच कोर्टाच्या मोठ्या बेंचने ८ विरुद्ध ३ असा निकाल फिरवला. बहुमताचं म्हणणं असं की एकही झाड, झरा किंवा पूजेची जागा नष्ट होत नाही, तिथे जायला कोणी अडवत नाही, परिणाम होतो तो फक्त त्यांच्या भावनेवर. हे वाचून मला फार लागलं. तीर्थात पाण्याशिवाय असतं काय? आपण रामकुंडात अस्थी सोडतो ते पाण्याचा पीएच बघून नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. नंतर होपींनी राज्याच्या कोर्टातही लढून बघितलं, २०१८ मध्ये तेही गेलं.

आता कोणी म्हणेल, गोदावरीत काय सोडता ते बघा आधी. बरोबर आहे. नाशिकच्या तपोवनमधल्या सांडपाणी प्लांटचं पाणी गोदेतच जातं, तेच पुढे नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांपाशी आणि तिथून जायकवाडीला. खाली लोक ते पाणी पितात. त्या पाण्याचा दर्जा वाढला पाहिजे, जमेल तितकं कारखान्यांना, बांधकामांना गेलं पाहिजे, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिककरांनी हे मागितलंच पाहिजे. मी मागतेच आहे. पण आपलं चुकतं म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. ऑस्ट्रेलियात माउंट बुलरलाही असा बर्फ करतात, त्यावर माझी काही तक्रार नाही, तंत्र तेच आहे. माझं भांडण फक्त जागेवरून आहे.

काल आजीला पोरीचा व्हिडिओ दाखवला आणि सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या डोंगरवाल्या लोकांना विचारलं होतं का कोणी?"

विचारलं होतं, मी म्हटलं. ते नको म्हणाले होते.