लष्करापासून पोहरीपर्यंत: ग्वाल्हेर मतदारसंघाचा फेरफटका

ग्वाल्हेरला मी जन्मापासून राहतो आणि मतदान सुरू केल्यापासून एकदाही चुकवलेले नाही. तरीही ज्या लोकसभा मतदारसंघात मी मत देतो त्याच्या आठ विधानसभा क्षेत्रांपैकी चार मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. यंदाच्या हिवाळ्यात मामेभावाने गाडी काढायची तयारी दाखवली, तेव्हा दोन दिवसांत भितरवार, डबरा, करेरा आणि पोहरी पाहून यायचे असे आम्ही ठरवले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याकडे चिटणिसांच्या गोठीत गेलो. मराठीतला 'गोट', म्हणजे सैन्याचा तळ, इथल्या बोलण्यात 'गोठ' झाला आहे. किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांनी १८१० साली छावणी टाकली, तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि त्या वस्तीला लष्कर हेच नाव कायमचे चिकटले. कंपू, जिन्सी, शिंद्यांची छावणी ही मोहल्ल्यांची नावे त्याच काळाची आहेत. २००८च्या पुनर्रचनेपर्यंत विधानसभेच्या यादीतही लष्कर पूर्व आणि लष्कर पश्चिम असे दोन मतदारसंघ होते. नव्या यादीत ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण आणि ग्वाल्हेर ग्रामीण ही नावे आली आणि लष्कर हे नाव मतदारयादीतून गेले. माझ्या ओळखपत्रावर आता '१७, ग्वाल्हेर दक्षिण' असे छापलेले असते. पत्त्यात मी अजूनही लष्करच लिहितो.

मराठी माणसाला या मतदारसंघाचा इतिहास आपला वाटतो, त्याला कारण आहे. इथे मराठी बोलणारे संख्येने कधीच निर्णायक नव्हते, तरी १९५२च्या पहिल्या निवडणुकीत हिंदू महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना अशा दोन्ही जागांवरून निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडल्यावर पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे नारायण भास्कर खरे जिंकले. हेच खरे १९३७ साली मध्य प्रांताचे पंतप्रधान झाले होते; प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. १९६२ साली विजयाराजे शिंदे काँग्रेसतर्फे, १९७१ साली याच शहरात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी जनसंघातर्फे, १९७७ आणि १९८० साली नारायण कृष्ण शेजवलकर, असा हा क्रम आहे. शेजवलकरांचे चिरंजीव विवेक शेजवलकर शहराचे महापौर झाले आणि २०१९ साली त्यांनी हीच जागा जिंकली.

आत्याच्या आठवणीत मात्र सर्वांत ठसलेली निवडणूक १९८४ची आहे. माधवराव शिंद्यांनी अखेरच्या घटकेला ग्वाल्हेरहून अर्ज भरला आणि वाजपेयींना स्वतःच्या गावात मोठ्या फरकाने हार पत्करावी लागली. राजमाता विजयाराजे भाजपमध्ये आणि त्यांचे चिरंजीव महाराज माधवराव काँग्रेसमध्ये, म्हणजे राजवाड्यातच दोन पक्ष होते. तसेच ते गोठीतल्या घराघरांत होते. "अण्णा अटलजींचे आणि दादा महाराजांचा," आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "आठ दिवस दोघे एका पंगतीला बसले नाहीत. मी दोघांची ताटं वेगवेगळी वाढायची. माझं मत कुणाला, हे मात्र दोघांनीही कधी विचारलं नाही." मी विचारले, तेव्हा तिने सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही.

सकाळी झाशीच्या रस्त्याने निघालो. दाट धुके होते आणि डबऱ्यापर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये गाडीचे दिवे विझवता आले नाहीत. डबरा हे अनुसूचित जातींसाठी राखीव क्षेत्र आहे आणि इथली मंडी धानासाठी ओळखली जाते. बुंदेलखंडाच्या उंबरठ्यावर धान कसे, याचे उत्तर पुढे भितरवारच्या वाटेवर कालव्यांनी दिले. पार्वती नदीवरचे हरसी धरण संस्थानी काळातले, १९३५ सालचे. त्याच्या पाण्याने हा पट्टा हिरवा ठेवला आहे. सिंध आणि पार्वतीच्या संगमावरचे पवाया, म्हणजे नागवंशीय राजांची पद्मावती, इथून जवळच आहे. तिथे थांबायला हवे होते. वेळेअभावी थांबलो नाही याची हळहळ वाटते.

भितरवारहून नरवरकडे वळलो आणि ग्वाल्हेर जिल्हा संपून शिवपुरी जिल्हा लागला. लोकसभेचा मतदारसंघ मात्र तोच राहिला. जिल्ह्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द जुळत नाही हे नकाशात दिसते. रस्त्यावर ते वेगळ्या तऱ्हेने कळते. नरवरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी खासदारांबद्दल विचारले, तर ते म्हणाले की कचेरीच्या कामाला शिवपुरीला जायचे, मत मागायला मात्र ग्वाल्हेरचे लोक येतात. समोर नळराजाच्या नावाने सांगितला जाणारा प्रचंड किल्ला धुक्यातून वर येत होता.

करेऱ्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. १९६७ साली विजयाराजे काँग्रेसमधून बाहेर पडल्या आणि एकाच वेळी गुन्याहून लोकसभेला व करेऱ्याहून विधानसभेला उभ्या राहिल्या. दोन्हीकडे जिंकल्यावर त्यांनी लोकसभेची जागा सोडली आणि करेऱ्याच्या आमदार म्हणून भोपाळला गेल्या. त्याच वर्षी ३६ आमदारांनी काँग्रेस सोडली, द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार पडले आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. त्यानंतर ५३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, विजयाराजेंचे नातू ज्योतिरादित्य काँग्रेसमधून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्या २२ आमदारांपैकी पाच याच लोकसभा मतदारसंघातले होते: ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, डबरा, करेरा आणि पोहरी. कमलनाथ सरकार गेले. पण नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत या पाचांपैकी तिघे हरले, आणि त्यांत करेऱ्याचे होते. राजवाड्याने बाजू बदलली म्हणजे मतदारही बदलतो, असे आम्ही लष्करात बसून फार सहज बोलतो. हा निकाल तसे सांगत नाही.

करेऱ्याच्या माळरानाची एक वेगळी गोष्ट आहे. १९८१ साली माळढोक पक्ष्यासाठी इथे अभयारण्य जाहीर झाले आणि त्यातल्या गावांत जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत माळढोक दिसेनासा झाला, बंदी उरली. मुलीच्या लग्नासाठी चार बिघे विकता येत नाहीत, असे सांगणाऱ्या शेतकऱ्यांच्या मागणीवर कित्येक निवडणुका लढल्या गेल्या. आम्ही त्या माळावर तासभर उभे होतो. गवत कमरेएवढे नव्हते, घोट्याएवढे होते. टिटव्या होत्या आणि शेळ्या होत्या. पक्षी वाचला नाही आणि माणसांची जमीनही इतकी वर्षे अडकली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

रात्र शिवपुरीत काढली. शिवपुरी शहर गुना लोकसभा मतदारसंघात येते, म्हणजे करेऱ्याहून पोहरीला या रस्त्याने जाणाऱ्याला आपला मतदारसंघ सोडून दुसऱ्यात शिरावे लागते आणि पुन्हा आपल्यात यावे लागते. २००८नंतरच्या रेषा अशा आहेत.

पोहरी शिवपुरीच्या पश्चिमेला, श्योपूरच्या वाटेवर आहे. जमीन खडकाळ होत जाते, झाडी वाढते, सहरिया आदिवासींच्या वस्त्या लागतात. पाण्याचे हंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेल्या बायका आम्हाला एका सकाळीत तीनदा दिसल्या. ही शिंदेशाहीतल्या शितोळे सरदारांची जहागीर होती; गावातली जुनी गढी त्यांचीच. लष्कराच्या गोठींतून राहणाऱ्या सरदारांचे उत्पन्न ज्या गावांतून येत असे, त्यांतले हे एक. लहानपणापासून ऐकलेल्या 'जहागिरीच्या गावा'चे दुसरे टोक मी पन्नाशीत पाहिले.

गढीजवळच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर मतदान केंद्राचा क्रमांक गेरूने रंगवलेला होता आणि वर '२४, पोहरी' असे लिहिले होते. शाळेतल्या शिक्षकांनी आम्हाला खोली दाखवली. ते म्हणाले की काही वस्त्यांमधून लोक इथे चार-पाच किलोमीटर चालत येतात आणि दुपारच्या आधी येतात, कारण नंतर परतीला उशीर होतो. माझे केंद्र आत्याच्या घरापासून तीन मिनिटांवर आहे. मामेभावाने भिंतीचा फोटो काढला आणि तिथूनच आत्याला पाठवला. तिचे उत्तर लगेच आले: "तिथल्या बायकांना विचारलंस का, त्या कुणाला मत देतात ते?"