दोघांचा धा

परतीच्या पावसाने सिंहगड रोडवर रात्री चिखल झाला आणि माझ्या मित्राची गाडी घसरली. उजव्या मनगटाच्या हाडाला चीर. दवाखान्यात प्लॅस्टर घालून तो मध्यरात्रीनंतर घरी पोचला आणि सकाळी उजाडल्यावर त्याने मला फोन केला. त्याच संध्याकाळी सात वाजता सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. स्वतः लिहिलेली, स्वतः चाली बांधलेली अकरा मराठी गाणी, तिकीट लावून. तो त्यांचा तबलावादक. मीही तबलाच वाजवतो.

"आज मोकळा आहेस का?" एवढं विचारून पडल्याची हकीकत त्याने दोन वाक्यांत उरकली आणि लगेच पट्ट्यांवर, म्हणजे पेटीच्या कुठल्या पांढऱ्या-काळ्या सुरात तबले लावायचे त्यावर आला. "पांढरी दोनचा एक आणि काळी एकचा एक, एवढे दोन तबले घे. तिसरा लागणार नाही."

गिटारवाल्यांबरोबर वाजवणाऱ्या कुणालाही यातली मेहनत कळेल. शास्त्रीय गायकाच्या साथीला बसलं की अख्खी मैफल एका पट्टीत जाते. इथे दर दोन गाण्यांनी षड्ज, म्हणजे मूळचा सा, बदलतो. तबला हातोडीने थोडा वर-खाली करता येतो, पण दोन-तीन स्वर चढवायचे तर वादीखालचे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागतं आणि तेवढ्या वेळात लोक मोबाइल काढतात. मित्राने यावर नीट बसून हिशेब केला होता. पांढरी दोनचा तबला पांढरी दोनच्या गाण्याला षड्ज, पांढरी पाचच्या गाण्याला तोच पंचम (प), पांढरी सहाच्या गाण्याला मध्यम (म). काळी एकचा तबला तसाच काळी एक, काळी तीन आणि काळी चारला लागतो. गायिकेशी बोलून गाण्यांचा क्रमही त्याने असा लावून घेतला होता की अख्ख्या कार्यक्रमात तबला फार तर तीन वेळा बदलावा. हे सगळं त्याने मला फोनवर फुकट देऊन टाकलं.

आमची ओळख कशी झाली ते सांगायला हवं, कारण वरवर बघितलं तर आम्ही एकाच ताटातले वाटेकरी. पुण्यात स्वतःची गाणी करणारे बँड मोजके, त्यांतले तबला घेणारे आणखी मोजके आणि तबला शिकलेले मात्र गल्लोगल्ली. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेलं हे गाव आहे. इथे साथीला मान आहे. अप्पा जळगावकरांच्या पेटीची आठवण निघाली की आजही लोक हळवे होतात. पण गिटार, बास आणि तबला घेऊन स्वतःच्या गाण्यांसाठी शंभर खुर्च्या भरायच्या तर पाठीशी ना संस्था असते ना घराणं. जे काय करायचं ते आपापसात.

कर्वेनगरात एका किबोर्ड वाजवणाऱ्या मित्राच्या गच्चीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही जमतो. तिथे पूर्ण झालेलं गाणं वाजवायचं नाही, अशी अट आहे. नुसता मुखडा असेल, शब्द असतील पण चाल नसेल, चाल असेल पण ठेका सापडत नसेल, तेच आणायचं. दुसरी अट, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ही दुसरी अट पाळायला पुण्यात फार संयम लागतो, पण पाळली जाते. कुणी फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमींपासून एकमेकांना ओळखतात, कुणाचा हात ढोल-ताशा पथकात तयार झालाय, एक जण आळंदीकडच्या भजनात पखवाज वाजवतो, बासवाला हिंजवडीतली नोकरी सांभाळून येतो. मित्राच्या बँडची बरीचशी गाणी मी त्या गच्चीवर कच्ची असताना ऐकली होती. दुसऱ्याचं गाणं घडताना ऐकलेलं असलं की ते कुठे अडलं होतं आणि कसं सुटलं ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून त्या सकाळी त्याला माझं नाव सुचलं. माझा हात त्याच्यापेक्षा तयार आहे म्हणून नव्हे. तसे हात पुण्यात पुष्कळ आहेत.

दुपारी सरावाची खोली घेतली होती, तासाला ४०० रुपये. त्याला घरी पड म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी तो रिक्षाने आला. हात गळ्यात, काखेत वही. माझ्या डाव्या गुडघ्याला लागून बसला आणि गाणं सुरू व्हायच्या आधी एकेकाचे बोल तोंडाने म्हणू लागला. आमची विद्या अशीच तोंडातून हातात येते. तबलावादक पं. सुरेश तळवलकरांची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, ज्यांनी मैफलीत ऐकली आहे त्यांना सांगायला नको की नीट म्हटलेला बोल वाजवलेल्या बोलाइतकाच ऐकण्यासारखा असतो. मित्र म्हणत होता, मी वाजवत होतो. कुठे मोकळं सोडायचं, कुठे गिटारच्या खाली जायचं, दुसऱ्या अंतऱ्यानंतर गायिका कधी कधी एक आवर्तन थांबते तेव्हा तिच्या खांद्याकडे कसं बघायचं, हे त्याने मध्येच डाव्या हाताच्या खुणांनी दाखवलं. जेवायच्या वेळेपर्यंत दहा गाणी बसली.

अकरावं सात मात्रांचं.

सात मात्रा म्हटल्यावर माझे हात रूपकात गेले. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाच्या समेवरच खाली असते, पहिल्या मात्रेला डग्गा, म्हणजे डाव्या हाताखालचं जाड आवाजाचं वाद्य, बोलत नाही. आणि या गाण्यात बास नेमका पहिल्याच मात्रेवर खर्जातला जाडजूड स्वर लावतो. बासने भरायचं आणि तबल्याने त्याच जागी रिकामं सोडायचं, यात गाण्याचा पायाच सुटत होता. मित्राने वही पुढे केली. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रूपक नाही. एकला धा. चारला काही नको.'

त्याने बांधलेला ठेका असा होता की पहिल्या मात्रेला धा पडला की डग्ग्यावरचं मनगट तसंच पुढे दाबत न्यायचं, तिसऱ्या मात्रेपर्यंत एक लांब मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, काढायची आणि ती गायिकेचा शब्द संपतो तिथेच विरायला हवी. चौथी रिकामी. मग सहावीला हलका गे. बोल चार ओळींत मावतात, पण ती मींड माझ्या हातात येईना. कधी शब्दाआधी संपायची, कधी शब्दाच्या अंगावर जायची. महिनोन्महिने तिच्या श्वासाबरोबर वाजवून त्याच्या मनगटात बसलेली ती गोष्ट एका दुपारी उचलता येण्यासारखी नव्हती. गायिका म्हणाली, हे गाणं आज वगळू या. कुणीच काही बोललं नाही, कारण कार्यक्रमाचं शेवटचं गाणं तेच होतं आणि लोक त्याच्यासाठी येणार होते.

मित्राने डग्गा स्वतःकडे ओढला. "तू नुसता उजवा वाजव."

त्याचा डावा हात धडधाकट होता. मला दाखवायला म्हणून त्याने तो डग्ग्यावर ठेवला. पण धा म्हणजे उजव्याचा ना आणि डाव्याचा गे अगदी एका क्षणी. एकाच माणसाचे हात असले की हे विचार न करता घडतं. आमचा धा मात्र फुटत होता. ना आधी, गे मागून, दाराची कडी सैल असल्यासारखा दुहेरी आवाज. तो माझ्या बोटाकडे बघायचा, मी त्याच्या मनगटाकडे, आणि एकमेकांकडे बघत राहिल्यामुळेच आम्ही उशीर करत होतो. मग त्याने मला गायिकेकडे बघायला सांगितलं. मुखड्याआधी ती नाकाने श्वास घेते, तो ऐकू येतो. दोघांनीही तो श्वास धरला आणि धा एक झाला. पुढची आवर्तनं आम्ही थांबलोच नाही. बासवाल्याने गाणं संपल्यावर पट्टा खांद्यावरून काढत म्हटलं, "संध्याकाळी असंच करा."

गायिकेला ते पटायला वेळ लागला. तिची शंका रास्त होती. प्लॅस्टरमधला हात मंचावर आला की लोक गाणं सोडून हाताकडे बघतील, टाळ्या दयेच्या पडतील. मित्र म्हणाला, "ताई, निवेदनात पडल्याचं काही बोलायचं नाही. मी येऊन बसेन, वाजवेन, उठेन." तसंच ठरलं.

सभागृहात पोचलो तर तबल्याला एकच माइक. तबला आणि डग्गा यांना वेगवेगळे माइक नसतील तर डग्गा बासच्या खाली दबून जातो आणि आमच्या त्या मींडेचा तर पत्ताच लागला नसता. गच्चीवाल्या किबोर्डवादकाला फोन केला. तो कर्वेनगरहून स्वतःचा माइक आणि छोटा स्टँड घेऊन ट्रॅफिकमधून आला, स्वतः लावून दिला आणि मग बाहेर जाऊन रांगेत उभं राहून तिकीट काढलं. तिकिटाच्या टेबलावर दुसऱ्या एका बँडची गायिका बसली होती. तिने त्याच्याकडून पैसे घेतले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्यात कुणी कुणाकडे पास मागत नाही. तीनशे रुपयांनी कुणाचं घर चालत नसेल, पण दहा वादकांनी दहा तिकिटं काढली तर दाराशीच कळतं की आपल्या कामाला किंमत आहे असं मानणारी माणसं आत बसली आहेत. मित्राचा पास हवा असणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगतो.

कार्यक्रम चांगला झाला. दहा गाण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वहीने मला नेलं. तबला बदलायचा तेव्हा विंगेत बसलेला मित्र दोन गाणी आधीच काळी एकचा तबला बोटाने टिचकी मारून तपासून ठेवायचा, उतरला असेल तर पुढे सरकवण्याआधी डाव्या हाताने हातोडी मारून सुरात आणायचा. शेवटच्या गाण्याला तो आला, माझ्या डाव्या बाजूला मांडी घालून बसला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. श्वास आला, धा पडला आणि कुजबुज थांबली.

तिसऱ्या अंतऱ्यात त्याने सहाव्या मात्रेचा गे सोडून दिला. हे ठरलं नव्हतं. पुढच्या आवर्तनात मीही तिथला ना सोडला. बासवाल्याने मान वर केली आणि त्यानेही जागा मोकळी ठेवली. गायिकेचा आवाज त्या मोकळ्या मात्रांवरून सरळ पुढे गेला. गाणं कच्चं असताना गच्चीवर तिने एकदा ते नुसत्या टाळ्यांवर गायलं होतं, तेव्हा ते असंच लागलं होतं. मला वाटतं त्या क्षणी आम्हा सगळ्यांना तेच आठवलं असणार. नंतर मी कुणाला विचारलं नाही.

कार्यक्रमानंतर एक गृहस्थ भेटायला आले. त्यांच्याकडे डिसेंबरात कार्यक्रम होता, तबला आवडला होता, माझा नंबर मागितला. मी मित्राचा दिला आणि सांगितलं की वाजवणं त्याचं आहे, तारीख त्याच्याशी बोला, हात बरा नसेल तर तो कुणाला पाठवायचं ते ठरवेल. बदली गेलेल्याने त्या जागेवरून पुढची सुपारी स्वतः घ्यायची नाही, हा आमच्यातला न लिहिलेला नियम. हा नियम नसलेल्या ठिकाणीही मी वाजवलंय. तिथे लोक तापात, सुजलेल्या बोटांनी वाजवतात, कारण एक दिवस जागा सोडली तर ती परत मिळेल याची खात्री नसते. आजारी पडायची मुभा वादकाला दुसऱ्या वादकाकडूनच मिळते. आयोजक ती देत नाही, श्रोताही देत नाही.

गायिकेने हिशेब तिथेच केला. सभागृहाचं भाडं, साउंड, सरावाची खोली वजा करून उरलेल्याचे वाटे केले आणि तबल्याच्या वाट्याची दोन पाकिटं बनवली होती, एक त्याचं, एक माझं. त्याने नको म्हटल्यावर ती म्हणाली, "ठेका कुणाचा होता?" त्याने पाकीट खिशात घातलं. माझ्या मते हे अगदी बरोबर झालं.

प्लॅस्टर सहा आठवडे राहणार होतं आणि तेवढ्यात त्याच्या पाच तारखा होत्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर त्या मांडल्या. दोन माझ्याकडे आल्या. एक आळंदीच्या पखवाजवाल्याने घेतली, एक कहोन, म्हणजे वर बसून वाजवायचं लाकडी खोक्यासारखं वाद्य, वाजवणाऱ्या मुलीने. नाशिकच्या तारखेला कुणीच मोकळं नव्हतं, ती सोडून द्यावी लागली आणि त्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. कहोनवालीला तबल्याचे बोल कसे लावायचे ते कळेना, तर मित्र तिला रोज रात्री व्हॉट्सॲपवर एकेका गाण्याचे बोल म्हणून पाठवत होता. तिने त्यातला धा खालच्या जाड ठोक्यावर घेतला, ना वरच्या कडेला.

सात मात्रांचं गाणं मात्र त्या चारही कार्यक्रमांत झालं नाही. बँडनेच ते यादीतून काढून ठेवलं होतं. जानेवारीत मनगट मोकळं झाल्यावर त्याने ते पहिल्यांदा एकट्याने वाजवलं, लय थोडी उतरवून, आणि मी तिकीट काढून चौथ्या रांगेत बसलो होतो.