कमरेचा टेकू

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या छोट्या कारखान्यात ऑफिसच्या खुर्चीचा नवा नमुना तयार करताना सर्वाधिक वेळ गेला तो कमरेच्या टेकूवर. कमरेच्या पाच मणक्यांचा नैसर्गिक बाक पुढच्या बाजूला असतो. आपण बसलो की कटिभागाची हाडे मागे कलतात, तो बाक सपाट होतो आणि मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब वाढतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात हा दाब चकतीत सुई घालून प्रत्यक्ष मोजला होता.

टेकू बैठकीपासून साधारण १५ ते २५ सेंटीमीटर उंचीच्या टप्प्यात सरकला पाहिजे, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु त्याची मूठ आम्ही पाठीच्या मागे बसवली आणि हिशेब पाहणाऱ्या काकूंनी ती महिनाभर एकदाही फिरवली नाही. "बसल्या जाग्यावरनं हात पोचत नाही की ओ, उठून कोण फिरवणार?" असे त्यांनी सांगितले, तेव्हा चूक माझीच होती हे मान्य करावे लागले. आता मूठ उजव्या कुशीला आहे आणि प्रत्येक खाचेला 'टक्' असा आवाज होतो. तो आवाज मला, खरे सांगायचे तर, जरा जास्तच आवडतो. टेकूचा फोम मात्र अजून मऊ आहे. दुपारपर्यंत तो दबून बसतो.