शनिवारची मेथी

गेल्या वर्षी जून ते डिसेंबर, जवळजवळ प्रत्येक शनिवारी आमच्याकडे मेथीची भाजी झाली. कारण मी आणि बायको दर शनिवारी संध्याकाळी आठ वाजता ‘भाजी आणायला’ म्हणून खाली उतरायचो आणि पार्किंगमधल्या वॅगन-आरमध्ये काचा वर करून बसायचो. फोन डॅशबोर्डवर, त्यात काउन्सेलर मॅडम. मेथी मी दुपारीच स्टेशनबाहेरून घेऊन डिकीत टाकलेली असायची. पन्नास मिनिटांनी ती जुडी घेऊन वर जायचं.

डोंबिवलीतलं वन बीएचके, त्यात आई, आम्ही दोघं आणि सातवीतली लेक. ‘घरबसल्या थेरपी’ अशा जाहिराती दिसतात तेव्हा मला हसू येतं. आमच्या घरात बसल्या जागी थेरपी करायची तर एक संडासच मोकळा असतो, तोही सकाळी नाही.

झालं असं की मार्चमध्ये आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, मग वॉकर, मग फिजिओ. बायकोचं काम घरून चालतं, त्यामुळे सगळं तिच्यावर पडलं. ‘ती काय, घरीच तर असते’ हे वाक्य आईचं, न्यू जर्सीतल्या दादाचं आणि, लिहायला लाज वाटते, माझंही. मे महिन्यात एका रात्री दोन वाजता ती गॅलरीत फोनवर कुजबुजताना दिसली. माझ्या डोक्यात नको ते आलं. तिनं लावला होता १४४१६. टेलि-मानस. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं तिचं अर्धा तास ऐकून घेतलं होतं. मी चौदा वर्षांत सलग अर्धा तास काय ऐकलं असेल, देव जाणे.

मग शोधाशोध. आधी एका अ‍ॅपवर पैसे भरले. तिथं दर वेळी नवी व्यक्ती आणि दर वेळी आईच्या खुब्यापासून सुरुवात. तिसऱ्यांदा खुबा सांगितल्यावर सोडून दिलं. तेव्हा एक शिकलो: ‘रिलेशनशिप कोच’ असं कुणीही लिहू शकतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. तो नंबर मागायला लाजू नये. आमच्या मॅडमनी तो न मागताच पाठवला.

पहिल्या दिवशी त्यांनी आमचा घरचा पत्ता आणि अडीनडीला फोन करता येईल असा एक नंबर मागितला. मला ते बँकेच्या फॉर्मसारखं वाटलं. मग त्यांनी आम्हाला वेगवेगळं घेतलं. बायकोला हेडफोन लावायला सांगितला आणि मला गाडीतून उतरवलं. तिनं मागाहून सांगितलं, प्रश्न असे होते की फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. घरात हात उगारला जातो का? नवऱ्याची भीती वाटते का? आत्ता कुणी ऐकतंय का? उत्तरं वेगळी आली असती तर त्या आम्हाला एकत्र बसवणारच नव्हत्या. जिथं मारहाण आहे तिथं दोघांना शेजारी बसवून बोलायला लावलं तर घरी गेल्यावर बाईलाच त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून. मी खांबाशी उभा राहून वॉचमनशी क्रिकेटवर बोलत होतो. आत माझ्याबद्दल हे विचारलं जातंय, याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, “मी मोजत होते. तुम्ही पंचवीस मिनिटांत अकरा वेळा ‘आई म्हणते’ म्हणालात आणि चार वेळा ‘ही म्हणते’. ‘मला वाटतं’ एकदाही नाही.”

बायको एवढी हसली की तिचा ठसका थांबेना.

मरे बोवेन नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं या प्रकाराला त्रिकोण म्हटलंय. दोघांत ताण वाढला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्यांचं तात्पुरतं निभावतं आणि मूळ भांडण जागच्या जागी राहतं. मी स्वतःला घरातला समजूतदार माणूस समजत होतो. निघालो पोस्टमन. ‘एक आठवडा टपाल बंद’ असा गृहपाठ मिळाला. रविवारी सकाळी आई म्हणाली, “तिला सांग, चहा पांचट झालाय.” बायको पाच फुटांवर पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, “तूच सांग ना.” पोळपाटावरचा आवाज थांबला. आईनं चहा संपवला, कपसुद्धा विसळायला दिला नाही. तिच्या बाजूनं तो बहुधा निषेध होता.

पार्किंगमध्ये नेटवर्कची एकच कांडी यायची. आवाज अर्धा सेकंद मागे. दोघं एकदम बोललो की मॅडमना नुसती खरखर ऐकू जायची. त्यामुळे एकानं बोलायचं, संपवायचं, मग दुसऱ्यानं. बायको म्हणाली, “माझं वाक्य संपेपर्यंत तू थांबलास, तेही नेट स्लो आहे म्हणून!” समोरासमोरच्या काउन्सेलिंगमध्ये हे झालं नसतं, असं मला अजून वाटतं. शिवाय गाडीत दोघांची तोंडं समोर. एकमेकांकडे बघावं लागत नाही. काही गोष्टी मी तिच्याकडे न बघताच बोलू शकलो. एकदा तळमजल्यावरच्या काकांनी काचेवर टकटक करून विचारलं, “बॅटरी उतरली का?”

मॅडमनी मध्येच जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं संशोधन सांगितलं: जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचे असतात, ते सुटत नाहीत, त्यांच्यासकट नांदायचं असतं. मला हायसं वाटलं. बायकोनं धसका घेतला.

सप्टेंबरपासून दादाही यायला लागला. हे मात्र ऑनलाइनच होऊ शकतं. भावाला तिकीट काढून काउन्सेलिंगला कोण बोलावणार? आपल्याकडचे आठ म्हणजे त्याचे सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली, आठचे साडेनऊ झाले, आणि दादा सवयीनं साडेदहाला हजर. सेशन संपून दहा मिनिटं झाली होती. त्या रात्री फोनवर मी जे बोललो ते घड्याळाबद्दल नव्हतंच. बाबा गेले तेव्हाही तू उशिरा पोचलास, असं बोलून गेलो. तोही रडला, मीही. पुढच्या शनिवारी वेळेवर आला आणि म्हणाला, “मी पैसे पाठवतो म्हणजे माझं झालं, असं मी धरून चाललो होतो.” आईसाठी सकाळी नऊ ते पाच मावशी ठेवायच्या, पगार दादानं द्यायचा आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी घरी थांबायचं, असं ठरलं. बायकोच्या दुपारी तिला परत मिळाल्या. भांडणं चालू आहेत. बहुधा ती ६९ टक्क्यांतली.

डिसेंबरात आई जेवताना ताटाकडे बघून म्हणाली, “शनिवार आला की मेथीच कशी मिळते रे तुम्हाला?” लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिला ऑगस्टपासून माहीत होतं. मग मी सगळं सांगितलं. आई बराच वेळ गप्प. “त्या बाईंना म्हणावं…” असं म्हणून थांबली. मग म्हणाली, “नको. फोन लावून दे, मीच बोलते.”

ती पन्नास मिनिटं हॉलमध्ये बोलली, दार लावून. आम्ही दोघं खाली जाऊन गाडीत बसलो. सवय.