दार उघडं आहे, येतील तेव्हा येतील

बुधवार, रात्री

आज खुराड्याचं दार उघडून ठेवलं, तर पिल्लं बाहेर यायलाच तयार नाहीत. वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्यांची डझनभर पिल्लं आहेत, दीड महिन्याची, अंगावर पिसं चांगली भरलेली. इतके दिवस घरात बल्बखाली होती. मग सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, खुराड्यात हलवली आणि काही दिवस मुद्दाम कोंडूनच ठेवली. संध्याकाळी परतायचं घर हेच, हे त्यांच्या डोक्यात बसावं म्हणून. आज दार उघडलं तेव्हा सगळी मागच्या भिंतीशी, तणसावर, एकमेकांना चिकटून उभी. एक तांबूस तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, तेवढी उंबऱ्यापर्यंत आली. तिनं मान बाहेर काढली, डोकं तिरकं करून एका डोळ्यानं आभाळाकडे बघितलं आणि फिरून आत गेली.

बाबूला दम कुठला? हात घालून एकेकाला बाहेर काढायला निघाला. सासूबाई धान वाळू घालत होत्या, त्यांनी तिथूनच हाक मारली, "ओढू नको गा बाबू! भूक लागन तं आपोआप येतीन."

मला त्यांचं पूर्ण पटतं. ओढून काढलेलं पिल्लू बाहेर येतं खरं, पण हात आला की जिवावर बेततं एवढंच त्याच्या लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी आतल्या कोपऱ्यात शिरतं.

आणि घाबरतात यात त्यांचं काय चुकलं? पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. बांबूच्या बेटांत, झुडपांच्या आडोशानं चरणारा पक्षी. उघड्या जागेची धास्ती रक्तातच आहे. त्यात सध्या धान कापून बांध्या मोकळ्या पडल्यात, घारी दिवसभर घिरट्या घालतात, आणि शिकरा तर कडुनिंबावर कधी येऊन बसतो ते कळतही नाही.

देशी कोंबडीच्या पिल्लांचं असं होत नाही. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्लं पायावर उभी राहिली की त्यांना घेऊन थेट उकिरडा गाठते. दाणा सापडला की टुक-टुक करत चोचीनं उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते, पिल्लू येऊन टिपेपर्यंत. आभाळात घार दिसली की तिचा आवाज वेगळा, मांजर किंवा मुंगूस दिसलं की वेगळा. कुठल्या आवाजाला दबायचं आणि कुठल्या आवाजाला पळायचं, हे पिल्लं तिच्या पायात राहून शिकतात. मशीनमध्ये निघालेल्या पिल्लांना आम्ही ऊब दिली. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, बल्ब थोडा थोडा वर घेत. पण "चला रे, आता भ्यायचं कारण नाही" हे त्यांना सांगणारं कोणी नाही. मला याचंच फार वाईट वाटतं.

म्हणून दुपारी यांनी मोडकी बाज खुराड्याच्या भिंतीला तिरकी टेकवून दिली, वर तुराट्या टाकल्या. दारातून निघालं की लगेच डोक्यावर छप्पर. उंबरा थोडा उंच होता, तिथे विटा लावल्या. आता सकाळी आत दाणा टाकायचा नाही. दार उघडायचं तेही दिवस मावळायच्या दीड-दोन तास आधी. भुकेली पिल्लं बाहेर येतात आणि अंधारायला लागलं की स्वतःहून आत जातात, मागे धावावं लागत नाही.

सासूबाईंनी एका मडक्यात ओलं शेण आणि तणस भरून ते कुंपणाजवळ वारुळाशी पालथं घातलंय. एका रात्रीत त्यात वाळवी भरते.

शनिवार

वाळवीनं काम केलं! मडकं बाजेखाली झटकलं तशी पांढरी किड वळवळायला लागली. तांबूस तलंग विटेवर उतरली, एक टिपली, मग दुसरी, मग पाय रोवून खातच सुटली. तिच्या चोचीचा टकटक आवाज ऐकून दोघी-तिघी मागून उतरल्या. त्यानंतर जी रांग लागली, की बाबू तोंडावर हात ठेवून बसला होता, हसू फुटू नये म्हणून.

थोड्या वेळानं शेजारची देशी कोंबडी कुंपणापलीकडे एकदम लांब आवाजात ओरडली. आमची सगळी क्षणात बाजेखाली. कोणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं. वर खरंच शिकरा होता.

एक ठिपक्यांचं पिल्लू अजून आतच आहे. खातं-पितं, डोळे टवटवीत, पंख सावरलेले, म्हणजे आजारी नाही. त्याच्यासाठी थोडी कनकी (तांदळाचा तुकडा) आत टाकते, बाकी कोणी त्याला हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.

पुढे आठव्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, आर-टू-बी लस टोचायची आहे. त्याच रोगाची पहिली लस, लासोटा, सातव्या दिवशीच झाली. लशीची बाटली शंभर डोसांची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या दोन घरांशीही बोलले. त्यांच्याही कोंबड्या होऊन जातील. बर्फाचा डबा घेऊन जनावरांच्या दवाखान्यातून लस आणायचं काम यांच्याकडे. टोचायचं पहाटेच, दार उघडायच्या आत, सगळी आत असतानाच.